किडीला गुरू मानणारा शास्त्रज्ञ

वऱ्हाडची भूमी काळी आणि कसदार. मृगाचा पाऊस पडला की अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या शिवारांत तिफणी चालू लागतात आणि थोड्याच दिवसांत कपाशी, ज्वारी, तूर यांच्या तासांनी ही काळी भूमी हिरवी होऊन जाते. श्रावण-भाद्रपदात कपाशी कमरेएवढी वाढते, तिला पात्या लागतात, फुले येतात आणि शेतकऱ्याचे डोळे बोंडांकडे लागून राहतात. परंतु त्याच सुमारास न बोलावलेले पाहुणेही शेतात येऊन दाखल होतात. पानांच्या पाठीमागे मावा आणि तुडतुडे रस शोषीत बसतात. बोंडात अळी शिरते. दिवाळीनंतर हरभरा घाट्यांवर आला की घाटेअळी त्याचा फडशा पाडते. वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत मातीमोल होते.

अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो किडीला मारण्याचा, आणि तो स्वाभाविकच आहे. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने या संकटाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. कीड कशी मारावी हे विचारण्याआधी, ती याच शेतात आणि याच रोपांवर का आली, असा प्रश्न त्याने केला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याने आपल्या आयुष्यातील सव्वीस वर्षे भारताच्या मातीत घालविली. हा शास्त्रज्ञ म्हणजे सर आल्बर्ट हॉवर्ड. इंदूर पद्धतीचे कंपोस्ट खत हे नाव आपल्याकडील पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्या पद्धतीचे जनक हेच होत.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावी झाला. त्यांचे घराणे शेतकऱ्याचे होते. नांगर, जनावरे, गवताच्या गंजी आणि ऋतूंचे लहरी वागणे यांच्या सहवासातच त्यांचे बालपण गेले. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये व केंब्रिज विद्यापीठात त्यांनी शास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि ते वनस्पतिशास्त्रात निष्णात झाले. तथापि शेतकऱ्याच्या घरात मिळालेले बाळकडू ते कधीही विसरले नाहीत. पुस्तकात वाचलेली गोष्ट शेतात खरी ठरते की नाही, हे पाहिल्यावाचून त्यांचे समाधान होत नसे.

१८९९ साली ते वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या रोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. तेथे ऊस, कोको इत्यादी पिकांवर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास करावयाचा आणि मळेवाल्यांना उपाय सुचवावयाचे, असे त्यांचे काम होते. प्रयोगशाळा होती, सूक्ष्मदर्शक यंत्र होते, ग्रंथ होते. नव्हती ती फक्त जमीन. जो उपाय आपण दुसऱ्याला सांगतो तो स्वतःच्या शेतात करून पाहण्याची सोयच त्यांना नव्हती. स्वतः कधी औषध न घेता दुसऱ्याला काढे देणाऱ्या वैद्यासारखी आपली अवस्था आहे, असे त्यांना वाटू लागले. ही खंत पुढे त्यांच्या सर्व कार्याची प्रेरणा ठरली.

तेथून परतल्यावर १९०३ ते १९०५ या काळात त्यांनी इंग्लंडमधील वाय येथील कृषिमहाविद्यालयात काम केले. त्या भागात हॉप नावाच्या वेलीचे मोठे मळे असत. या वेलींत नर आणि मादी अशी झाडे वेगवेगळी असतात. फुले हवीत ती मादीवेलींची. म्हणून मळेवाले नरवेली मळ्यातून उपटून टाकीत. हॉवर्ड यांनी नरवेली राखून पाहिल्या. परागकण मिळाल्यामुळे मादीवेलींची वाढ जोमाने झाली. एवढेच नव्हे, तर मावा आणि भुरी यांनाही त्या अधिक चांगले तोंड देऊ लागल्या. वनस्पतीला तिच्या स्वभावाप्रमाणे जगू दिले तर ती आपले रक्षण बऱ्याच अंशी आपणच करते, ही गोष्ट येथे त्यांच्या प्रथम ध्यानात आली.

१९०५ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. बिहारमध्ये पुसा या ठिकाणी शेतीच्या संशोधनासाठी एक मोठी संस्था स्थापन होत होती. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून हॉवर्ड यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत गॅब्रिएल मॅथाय या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल याही केंब्रिजला शिकलेल्या, वनस्पतींच्या जीवनक्रियांचा सखोल अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञ होत्या. पुढील पंचवीस वर्षे या दोघांनी खांद्याला खांदा लावून संशोधन केले. पुसा येथे त्यांनी निवडलेल्या गव्हाच्या जाती उत्तर भारतात दूरवर पसरल्या. त्या यशाचे श्रेय दोघांचेही आहे.

पुसा येथे आल्यावर हॉवर्ड यांनी पहिली मागणी केली ती जमिनीची. वेस्ट इंडीजमधील उणीव त्यांना भरून काढावयाची होती. सुमारे पंचाहत्तर एकर जमीन त्यांच्या वाट्याला आली. ती कशी कसावी, याचा विचार करीत असताना त्यांचे लक्ष आसपासच्या खेड्यांतील शेतांकडे गेले. तेथील शेतकऱ्यांजवळ कीटकनाशके नव्हती, फवारणीची यंत्रे नव्हती, विलायती खतेही नव्हती. तरीसुद्धा त्यांच्या पिकांवर कीड अगदी थोडी दिसे. हे कसे घडते?

राज्यकर्त्यांच्या देशातून आलेला एखादा विद्वान या गोष्टीकडे दुर्लक्ष करून पुढे गेला असता. अडाणी शेतकऱ्यांना आपण शिकवावयाचे, त्यांच्याकडून आपण काय शिकणार, असा समज त्या काळी सरकारी अधिकाऱ्यांत सर्रास होता. हॉवर्ड यांनी तो मनाला शिवू दिला नाही. त्यांनी दोन गुरू केले. एक गुरू म्हणजे भारतीय शेतकरी आणि दुसरा गुरू म्हणजे कीड. शेतकरी काय करतो ते बारकाईने पाहावयाचे आणि तसे करून बघावयाचे. कीड कोठे येते व कोठे येत नाही याची नोंद ठेवावयाची, आणि आपले कोठे चुकले ते तिच्याकडून समजून घ्यावयाचे. जणू कीड ही शेताची परीक्षा घेणारी परीक्षक आहे आणि आपण परीक्षेला बसलेले विद्यार्थी आहोत, अशा वृत्तीने ते शेतात वावरू लागले.

हळूहळू शेतकऱ्यांच्या रीतींमागील मर्म त्यांना उलगडू लागले. शेतकरी ज्वारीसारख्या तृणधान्याबरोबर तुरीसारखे डाळीचे पीक पेरतो. दोन्हींची मुळे वेगवेगळ्या थरांतून अन्न घेतात, आणि डाळीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत साठवितात. ज्या जमिनीला जे बियाणे मानवेल, तेच तो वर्षानुवर्षे निवडून ठेवतो. जनावरांचे शेण जमिनीला परत देतो. पाच वर्षांच्या अशा अभ्यासानंतर हॉवर्ड यांच्या शेतातही विषारी औषधांवाचून निरोगी पिके डोलू लागली.

मग त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. शेतीच्या कामासाठी त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली बैल ठेवले व त्यांना आपल्याच सुपीक जमिनीतील चारा घातला. शेजारच्या जनावरांत लाळखुरकताची साथ आली, तेव्हा कुंपणावरून ही जनावरे एकमेकांच्या नाकाला नाक लावताना हॉवर्ड यांनी पाहिली. तरीही त्यांचे बैल आजारी पडले नाहीत. सुपीक माती, सकस चारा आणि निरोगी जनावर ही एकाच साखळीची कडी आहेत, असे त्यांचे मत यामुळे दृढ झाले.

परंतु पुसा येथील कामाच्या पद्धतीत एक अडचण होती. तेथे विषयांच्या भिंती उभ्या होत्या. बुरशीचा अभ्यास एका विभागात, कीटकांचा दुसऱ्यात, मातीच्या रसायनांचा तिसऱ्यात आणि वनस्पतींचा चौथ्यात. झाड मात्र एकच होते! रोगट झाडाचे पान एकाने न्यावे, त्यावरील किडा दुसऱ्याने न्यावा, मुळाखालची माती तिसऱ्याने न्यावी; पण ते झाड शेतात कसे उभे आहे, त्याला पाणी किती मिळते, त्याच्या मुळांना हवा मिळते की नाही, हे समग्र पाहणारा कोणीच नसावा, हे हॉवर्ड यांना पटेना. जेथे पिकाचा अभ्यास मुळापासून शेंड्यापर्यंत एकत्र होईल अशी एक नवी संस्था हवी, असा त्यांनी ध्यास घेतला.

ती संधी त्यांना कापसाने मिळवून दिली. १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या आणि परदेशी जाणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक लहानसा कर बसविण्यात आला, आणि तो पैसा कापसाच्या संशोधनासाठी खर्च होऊ लागला. अमरावती, अकोला, खामगाव या बाजारपेठांतून मुंबईकडे जाणाऱ्या गाठींवरही हा कर पडत असे. म्हणजे वऱ्हाडच्या कापसाचाही या कार्याला हातभार लागला. समितीच्या आणि मध्य भारतातील संस्थानांच्या साहाय्याने १९२४ साली इंदूर येथे हॉवर्ड यांची संस्था उभी राहिली. होळकरांच्या इंदूर संस्थानातील सुमारे तीनशे एकर जमीन तिला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळाली.

इंदूरची माती म्हणजे वऱ्हाडच्या मातीची सख्खी बहीण. तशीच काळी, तशीच चिकट. उन्हाळ्यात तिला हातहात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती इतकी फुगते की तिच्यातील हवा कोंडली जाऊन मुळे गुदमरतात. हॉवर्ड यांनी ओळखले की काळ्या जमिनीत कपाशीचे पहिले दुखणे कीड हे नसून मुळांची घुसमट हे आहे. म्हणून त्यांनी पावसाचे साचणारे पाणी वाहून नेण्यासाठी चर खोदविले, शेते नीट बांधून काढली आणि माती भुसभुशीत राहावी म्हणून तिला भरपूर कुजलेले खत देण्याचे ठरविले.

पण एवढे खत आणावयाचे कोठून? आपल्याकडे शेणाचा बराचसा भाग गोवऱ्या थापून चुलीत जळतो. हॉवर्ड यांनी शेतातील टाकाऊ वस्तूंकडे दृष्टी वळविली. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा यांपैकी काहीही वाया जाऊ द्यावयाचे नाही, असा त्यांनी नियम केला. पऱ्हाट्या तर लाकडासारख्या कठीण. त्या लवकर कुजत नाहीत. त्यावर त्यांनी मोठी सोपी युक्ती काढली. त्या शेताच्या रस्त्यांवर पसरून ठेवावयाच्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप भुगा होई. मग हा भुगा गोठ्यात जनावरांच्या अंगाखाली घालीत. तो मूत्राने भिजला की शेण, राख व गोठ्यातील माती यांच्यासह थराथराने खड्ड्यात भरीत. खड्डा सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि अवघा दोन फूट खोल असे, कारण फार खोल गेल्यास हवा पोहोचत नाही. पाणी शिंपडून तीन वेळा खालीवर केल्यावर नव्वद दिवसांत काळेभोर, भुसभुशीत आणि दुर्गंधरहित खत तयार होई. वीस बैलजोड्यांच्या बळावर वर्षाला सुमारे एक हजार गाड्या खत या संस्थेत होऊ लागले.

हीच इंदूर पद्धती. चीनमधील शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे जपलेल्या रीतींची आणि भारतीय शेतकऱ्यांच्या अनुभवाची शास्त्राशी सांगड घालून ती तयार झाली होती. या कामात यशवंत वाड हे हॉवर्ड यांचे प्रमुख सहकारी होते. १९३१ साली शेतातील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड आणि वाड या दोघांचीही नावे आहेत. १९३५ साली महात्मा गांधी इंदूरला आले असता त्यांनी ही खत करण्याची रीत मुद्दाम पाहिली.

आता आपण त्या प्रसंगाकडे वळू, ज्याने हॉवर्ड यांच्या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट उत्तर दिले. इंदूरच्या शेतात एक लहानसा तुकडा हरभऱ्यासाठी राखलेला होता. एका वर्षी जुलै महिन्यात पाण्याचा एक चर तुंबला आणि त्या तुकड्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग काही दिवस पाण्याखाली गेला. पाणी ओसरले, जमीन वाळली. दुसरा कोणी असता तर ही गोष्ट विसरूनही गेला असता. परंतु या संस्थेत पाणी कोठपर्यंत चढले होते याचा त्याच वेळी नकाशा काढून ठेवण्यात आला. पुढे पाऊस संपल्यावर त्या तुकड्यात हरभरा पेरला. ऑक्टोबरमध्ये, पेरणीला महिना होतो न होतो तोच, त्यावर अळी पडली आणि तिने पीक कुरतडून टाकले.

हॉवर्ड यांनी जुलैमधील नकाशा काढून अळी पडलेल्या जागेशी ताडून पाहिला. दोन्हींच्या सीमा हुबेहूब जुळल्या! जेथे पाणी साचले होते तेथे अळी होती. जेथे पाणी चढले नव्हते तेथील हरभरा हिरवागार उभा होता. लगतच त्या वर्षी पन्नास एकर हरभरा होता. त्याकडेही अळी वळली नाही. वरून पाहता दोन्हीकडची माती सारखीच दिसत होती. तीन महिन्यांपूर्वीचे पाणी माणूस विसरला होता, पण माती विसरली नव्हती, आणि मातीचे ते दुखणे अळीने उघड करून दाखविले. पाण्यामुळे मातीत पालट झाला, मातीमुळे रोपात पालट झाला आणि रोपाच्या रसातील तो पालट अळीला मानवला, असा निष्कर्ष हॉवर्ड यांनी काढला.

तागाच्या म्हणजे बोरूच्या एका शेतानेही त्यांना असाच धडा दिला. हिरवळीच्या खतासाठी पेरलेले ते पीक बियाण्यासाठी राखून ठेवले, तेव्हा फुले आल्यावर त्यावर भुरी आणि कीड यांनी गर्दी केली व एकही बी धरले नाही. पुढे जमिनीला शेणखत किंवा कंपोस्ट देऊन तेच पीक घेतले असता ते चांगले आले आणि त्याला बीही भरपूर धरले.

मुलांनो, एवढ्यावरून सर्व किडींचे कोडे सुटले असे मात्र समजू नका. हॉवर्ड यांचे समकालीन कीटकशास्त्रज्ञ त्यांच्या मताशी सहमत नव्हते, आणि त्यांच्या शंकेतही तथ्य होते. एखाद्या शेतात घडलेली गोष्ट इतर शेतांतही तशीच घडते काय, हे तुलना करून, मोजमाप घेऊन ठरवावे लागते. हॉवर्ड यांचा आपल्या अनुभवावर इतका विश्वास होता की अशा लहान लहान तुकड्यांतील मोजमापांना ते फारसे महत्त्व देत नसत. उत्तम जमिनीतील निरोगी पिकावर कीड पडतच नाही, हे त्यांचे मत पुढील संशोधनात पूर्णपणे टिकले नाही. गुलाबी बोंडअळी ही जोमदार कपाशीलाही सोडीत नाही. ती बोंडाच्या आत दडून राहते आणि शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांवरील बोंडांतून पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहते.

तथापि त्यांच्या विचारातील गाभा खरा ठरला आहे. युरियासारखे नत्रयुक्त खत बेसुमार दिले की झाड कोवळे व रसरशीत होते आणि मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींची त्यावर झपाट्याने वाढ होते, हे आज सर्वमान्य आहे. किडीला नकोसे वाटणारे पदार्थ झाड स्वतःच्या अंगात तयार करते, आणि मुळे अशक्त झाली की त्याची ही शक्ती कमी होते, हेही आता कळले आहे. आणि गुलाबी बोंडअळीला आवर घालण्यासाठी आज जो उपाय सांगितला जातो, तो म्हणजे कपाशीची फरदड न घेता हंगाम वेळेवर संपवावा आणि पऱ्हाट्यांचा भुगा करून त्याचे खत करावे. इंदूरच्या रस्त्यांवर गाडीच्या चाकांखाली चिरडल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या तुम्हांला येथे आठवल्यावाचून राहणार नाहीत.

१९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांची सहचारिणी आणि सहकारी हरपल्याने हॉवर्ड यांना मोठा धक्का बसला. पुढील वर्षी ते भारत सोडून इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईझ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनीही हॉवर्ड यांच्या कार्याला वाहून घेतले. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९४० साली त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या अनुभवांचे सार एका ग्रंथात मांडले, आणि त्या ग्रंथामुळे सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे एक प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. भारत स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९४७ रोजी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत जग मात्र दुसऱ्याच वाटेने निघाले होते. १९३९ साली डीडीटी या रसायनाचा कीटकनाशक गुण उघडकीस आला. महायुद्धानंतर अशी रसायने सर्वत्र पसरली. त्यांनी पिके वाचली, हिवतापाचे डासही मेले. त्यांचे हे उपकार नाकारता येणार नाहीत. परंतु त्यांचा अतिरेक झाला तेव्हा दोन गोष्टी घडल्या. किडींच्या ज्या पिढ्या विषातून वाचल्या, त्यांना पुढे ते विष बाधेनासे झाले. आणि किडींना खाणारे जे मित्रकीटक होते, ते मात्र बळी पडले. माणसालाही विषाने सोडले नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. पोटासाठी पीक राखावयास गेलेली माणसे स्वतःच प्राणांना मुकली.

म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा निसर्गाकडे वळले. या वाटेवरही पूर्वी काही पावले पडलेली होती. हॉवर्ड पंधरा वर्षांचे असताना, म्हणजे १८८८-८९ मध्ये, अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या किडीने उद्ध्वस्त होत आल्या होत्या. ती कीड मूळची ऑस्ट्रेलियातील. तेथे तिला खाणारा एक लहानसा लाल ढालकिडा होता. तो मुद्दाम आणून बागांत सोडला आणि एक-दोन वर्षांतच बागा वाचल्या. वरूड, मोर्शीकडील संत्र्यांच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या उपायाचे मोल सहज कळेल.

आज वऱ्हाडातही असे मित्र शेतकऱ्याच्या मदतीला आहेत. ट्रायकोग्रामा हा टाचणीच्या टोकाएवढा चिमुकला कीटक बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालतो. त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या मावा फस्त करतात. घाटेअळीला रोग आणणारा एक विषाणू आहे. तो फवारला असता अळ्या मरतात, माणसाला मात्र तो बाधत नाही. शेतात ठिकठिकाणी पक्षिथांबे रोवले की कोतवाल, साळुंकी यांसारखे पक्षी त्यांवर बसून अळ्या टिपतात. पाच टक्के निंबोळी अर्काने किडींची भूक मंदावते. कपाशीभोवती झेंडू लावला, मध्ये चवळी पेरली की कीड तिकडे वळते आणि मित्रकीटकांना आसरा मिळतो. अकोला येथे १९६९ साली स्थापन झालेले, आणि अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणारे कृषिविद्यापीठ शेतकऱ्यांना अशा उपायांची शिफारस करते. रासायनिक औषध वापरावयाचे ते शेवटी, गरज पडली तरच, आणि अंगावर पूर्ण संरक्षक कपडे घालून, असा या शिकवणीचा क्रम आहे.

हे मित्रकीटक हॉवर्ड यांच्या संशोधनाचा विषय नव्हते. परंतु या सर्व उपायांमागील दृष्टी तीच आहे. शेत हे केवळ पिकाचे नसून माती, पाणी, मुळे, किडे आणि पक्षी या सर्वांचे मिळून बनलेले असते. त्यांतील एकाचा तोल गेला की त्याचा परिणाम दुसऱ्यावर होतो. कीड दिसली की ती कोणता बिघाड दाखवीत आहे हे आधी शोधले पाहिजे.

अशी शोधक दृष्टी अंगी येण्यासाठी मोठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. इंदूरच्या त्या हरभऱ्याच्या शेतात नवलाचे असे कोणतेच यंत्र नव्हते. होता तो पावसाळ्यात वेळीच काढलेला एक साधा नकाशा. आपल्या शिवारात पाणी कोठे साचते, कोणत्या तासावर मावा आधी दिसतो, कोणत्या झाडाखाली माती भुसभुशीत आहे आणि कोठे ती दगडासारखी कठीण झाली आहे, हे पाहून वहीत टिपून ठेवणे कोणालाही जमण्यासारखे आहे. परदेशातून आलेल्या एका थोर विद्वानाने आपल्या शेतकऱ्यांना आणि क्षुद्र मानल्या गेलेल्या किड्यांना गुरुस्थानी बसविले, म्हणूनच काळ्या मातीने आपले गुपित त्यांना सांगितले. ती माती आपल्या पायांखाली आहे. तिला विचारण्यासारखे प्रश्न अजून पुष्कळ आहेत.